पकडलेला वायू सुटेना : एका अमाइन प्लांटचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीत हा प्लांट आहे. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, द्रवरूपात टाकीत भरायचा आणि टँकरने विकायचा, हा धंदा. क्षमता दिवसाला २० टन. गिऱ्हाइकं मुख्यतः सोडा आणि शीतपेयं भरणारी. थोडा माल वेल्डिंगवाल्यांना जातो, थोडा ड्राय आइसला. कंपनीचं, गावाचं किंवा कुणा माणसाचं नाव मी देणार नाही. मालकांनी लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर. मी प्रोसेस इंजिनिअर आहे आणि मार्चमध्ये, प्रकरण हाताबाहेर जाऊ लागल्यावर, मला बोलावणं आलं.

प्लांटचं काम थोडक्यात असं. धूर आधी क्वेंचरमध्ये पाण्याने गार होतो आणि मग ॲब्सॉर्बरच्या मनोऱ्यात खालून वर चढतो. वरून त्याच्यावर मोनोइथेनॉलअमाइनचं, म्हणजे एमईएचं, पाण्यातलं द्रावण पडत असतं. एमईए हे अमाइन जातीचं, नायट्रोजन असलेलं रसायन. प्लांटवर कुणी द्रावण म्हणत नाही, ‘सोल्युशन’ म्हणतात. चाळीस-पन्नास अंशांना एमईए कार्बन डायऑक्साइड धरतं. वायू पोटात घेतलेलं ते ‘रिच’ सोल्युशन. ते स्ट्रिपरमध्ये नेऊन ११५ ते १२० अंशांपर्यंत तापवलं की धरलेला वायू सोडून देतं, आणि ‘लीन’ होऊन पुन्हा ॲब्सॉर्बरच्या माथ्यावर जातं. तेच सोल्युशन दिवसरात्र फिरत राहतं. इथे ते ताशी साधारण ३२ हजार लिटर फिरतं आणि एकूण भरणा २५ हजार लिटरचा आहे.

धरणं आणि सोडणं, दोन्ही एकाच रासायनिक बंधाचे खेळ आहेत. एमईएचे दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सांभाळतात: एकाच्या नायट्रोजनला वायू चिकटून कार्बामेट होतो, दुसरा त्यातून सुटलेला हायड्रोजन आयन पदरात घेतो. वजनात बोलायचं तर १२२ किलो एमईए कार्बामेटच्या वाटेने फार तर ४४ किलो वायू धरेल. धरताना मोलमागे साधारण ८५ किलोजूल उष्णता बाहेर पडते. सोडवताना ती सगळी परत द्यावी लागते, शिवाय एवढं पाणी तापवायला लागते ती वेगळी. म्हणून नीट चाललेल्या प्लांटमध्येही टनभर वायू सोडवायला दोन टनांच्या आसपास वाफ जाते. इथे सोल्युशन मुद्दाम पातळ, १८ टक्क्यांचं ठेवलं होतं, कारण यंत्रं बहुतांशी साध्या लोखंडाची आणि घट्ट एमईए लोखंड खातं. त्यामुळे वाफेचा आकडा थोडा जास्त, टनाला २.३ टन.

तंत्र नवं नाही. अमाइनने आम्लवायू धुवून काढण्याचं पेटंट आर. आर. बॉटम्स यांना १९३० साली मिळालं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ट्रोना इथे कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून एमईएने वायू काढण्याचं काम १९७८ मध्येच सुरू झालं. हवामानबदलाच्या चर्चेत ‘कार्बन कॅप्चर’ हा शब्द आला की लोकांना काहीतरी उद्याचं वाटतं. आपल्या सोड्याच्या बाटलीतला वायू कित्येकदा याच वाटेने आलेला असतो.

आधीचा बॉयलर आठ टनी, नैसर्गिक वायूवर चालणारा. २०२२ मध्ये वायूचे दर चढले तेव्हा मालकांनी त्या वर्षीच्या दिवाळीआधी ब्रिकेटवर चालणारा बॉयलर बसवला. शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाट्या दाबून केलेल्या ब्रिकेट. वाफेचा खर्च लगेच उतरला. शिवाय धुरातला कार्बन डायऑक्साइड साडेनऊ टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर गेला. गिऱ्हाइकाला विकायचा तोच वायू, तो धुरात आयता जास्त. कागदावर सगळा फायदाच होता.

अडचण

लॉगबुकं मी पहिल्या दोन दिवसांत वाचून काढली. ऑक्टोबर ते मार्च, प्रत्येक शिफ्टची.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका रात्रपाळीच्या शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘सोल्युशनचा रंग चहासारखा.’ त्यापुढे कुणाची सही नाही, उत्तर नाही. लिहिणारे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात. डिसेंबरअखेरीस ॲब्सॉर्बरचा डीपी, म्हणजे मनोऱ्याच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक, हलायला लागला. मधूनच चढायचा, मधूनच पडायचा. हे फेसाचं लक्षण. जानेवारीत फेस मनोऱ्याच्या माथ्यावरून धुराड्यात जाऊ लागला आणि त्याबरोबर एमईएही. आधी आठवड्याला एमईएचं एक पिंप लागायचं, आता तीन लागू लागली. वाफ टनाला २.३ वरून ३.१ टनांवर गेली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका शीतपेय कंपनीने भरलेला टँकर परत पाठवला. वायूला वास येत होता, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत ॲसिटाल्डिहाइड मर्यादेबाहेर सापडलं होतं. पेयांसाठीच्या वायूत त्याची मर्यादा दहा लाख भागांत ०.२ भाग इतकी कडक असते.

एप्रिल तोंडावर आलेला. या धंद्याची वर्षाची अर्धी कमाई उन्हाळ्यात होते, त्यामुळे प्लांट बंद ठेवण्याचं नावही कुणाला काढवत नव्हतं.

मी गेले त्या दिवशी मामांनी स्ट्रिपरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून बाटली भरून माझ्या हातात दिली. काळा काढा. बाटली उजेडाकडे धरली तरी पलीकडचं बोट दिसेना. झाकण उघडताच अमोनियाचा झणका आला आणि त्याच्यामागे काहीतरी जुनाट, मासळीसारखं. ताजं एमईए घातलेलं सोल्युशन पाण्यासारखं स्वच्छ असतं. मामा म्हणाले, “मॅडम, ह्याला आता वाफ सोसवत नाही. जेवढी जास्त द्यावी तेवढं जास्त बिघडतंय.” पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही जे काही मोजलं त्यातून हेच वाक्य खरं ठरलं.

मोजमापात काय चुकत होतं

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रकरणाची गाठ इथे आहे.

प्रयोगशाळेत एक तरुण केमिस्ट होती, कामाला चोख. रोज सकाळी सोल्युशनचं ॲसिडने टायट्रेशन करायची, म्हणजे थेंबाथेंबाने ॲसिड घालून अमाइन किती ते मोजायची, आणि ‘एमईए १८ टक्के’ असा अहवाल द्यायची. आकडा १७ च्या खाली गेला की पिंप उघडायचं, ही पद्धत. सगळे म्हणत होते, सोल्युशनची ताकद तर बरोबर आहे, मग वायू का धरत नाही?

आकडा खरा होता, पण अपुरा. ॲसिडचं टायट्रेशन मोकळं अमाइन मोजतं, आणि कार्बन डायऑक्साइडने धरलेलंही, कारण ॲसिड कार्बन डायऑक्साइडला हुसकावून लावतं. पण जे अमाइन आधीच कुठल्या तीव्र आम्लाच्या तावडीत सापडलंय, ते या टायट्रेशनला दिसतच नाही. क्लोराइड, सल्फेट, फॉर्मेट, ऑक्झॅलेट यांच्याशी एमईएचे जे क्षार होतात ते १२० अंशांनाही फुटत नाहीत. म्हणून त्यांना उष्णतेला न जुमानणारे, हीट-स्टेबल क्षार म्हणतात. कार्बन डायऑक्साइड हे दुबळं आम्ल आहे, तापवलं की हात सोडतं. ही आम्लं सोडत नाहीत. त्यांनी धरलेलं एमईए सोल्युशनमध्ये फिरतं, पंपाला जड करतं, तापायला वाफ खातं आणि काम शून्य करतं.

आम्ही वेगळी चाचणी लावली. सोल्युशन कॅटायन रेझिनच्या छोट्या कॉलममधून सोडायचं. रेझिन अमाइनला अडकवतं आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं, म्हणजे बाहेर येतात ती नुसती आम्लं. उकळून कार्बन डायऑक्साइड घालवायचा आणि उरलेलं कॉस्टिकने, म्हणजे कॉस्टिक सोड्याने, मोजायचं. निकाल आला तेव्हा केमिस्टने तीनदा पुन्हा करून पाहिलं. एकूण अमाइनचा जवळपास पाचवा हिस्सा या क्षारांत अडकलेला होता. तो दहाव्या हिस्स्याच्या वर जाऊ देऊ नये असा या धंद्यातला संकेत आहे.

म्हणजे रोजच्या अहवालातले १८ टक्के राखण्यासाठी आपण वरून ताजं एमईए ओतत होतो आणि अडकलेलं खाली साठत चाललं होतं.

दुसरी चाचणी फेसाची. हजार मिलिलिटरच्या मोजपात्रात २०० मिलिलिटर सोल्युशन घेतलं आणि काचेच्या सच्छिद्र नळीतून पाच मिनिटं हवा सोडली. ताज्या सोल्युशनचा फेस हवा बंद करताच पाचएक सेकंदांत बसला. प्लांटमधल्या सोल्युशनचा फेस ९०० च्या रेषेपर्यंत चढला आणि हवा बंद केल्यावर घड्याळात ४५ सेकंद होईपर्यंत दुधावरच्या सायीसारखा तसाच राहिला. मग तेच सोल्युशन गाळणकागदातून गाळून पुन्हा चाचणी घेतली, तर फेस दहा सेकंदांत बसला. कागदावर राखाडी, बोटाला लागेल इतका बारीक गाळ उरला. राख. फेसाच्या बुडबुड्यांना टेकू देत होती ती ही राख.

तिसरी चाचणी अगदी साधी. क्वेंचरमधलं पाणी, त्यात नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट. परीक्षानळीत दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. एमआयडीसीच्या पाण्यातही थोडं क्लोराइड असतंच, म्हणून शेजारी नळाचं पाणी घेतलं. त्यात नुसता धुरकटपणा आला. दोन नळ्या शेजारी धरल्यावर मालकांना काही सांगावं लागलं नाही. ते ब्रिकेटच्या ढिगाकडे बघत होते. टरफलं, काड्या यांच्यात क्लोरीन आणि पोटॅशियम असतंच, आणि पुरवठादार वजन भरायला काय काय दाबतो ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

मूळ निर्णय बॉयलर बदलाच्या वेळचा. त्या वेळचा धुराच्या तपासणीचा अहवाल फाइलमध्ये मिळाला. कार्बन डायऑक्साइड १२ टक्के, त्याला लाल पेनाने गोल. शेजारच्याच रकान्यात ऑक्सिजन ८ टक्के, वायूवर असताना तो साडेतीन असायचा. त्या आकड्याला कुणी गोल केला नव्हता. ऑक्सिजनमुळे एमईए तुटून फॉर्मिक, ऑक्झॅलिक अशी आम्लं आणि अमोनिया तयार होतात. ही आम्लं लोखंडावरचा बचावाचा थर काढतात, लोखंड सोल्युशनमध्ये उतरतं, आणि विरघळलेलं लोखंड पुन्हा ऑक्सिजनच्या कामाला वेग देतं. चक्र एकदा फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही.

याला कुणा एकाची चूक म्हणणं मला पटत नाही. बॉयलरचा निर्णय खरेदी आणि मेंटेनन्सने मिळून घेतला, आणि बॉयलरपुरता तो बरोबर होता. सोल्युशनची जबाबदारी प्रॉडक्शनची. धूर दोघांच्या मध्ये होता, त्याचा धनी कुणीच नव्हता.

आधीचे दोन निर्णय

मी येण्यापूर्वी प्लांटने दोन गोष्टी केल्या होत्या.

फेस वाढला तेव्हा सिलिकॉनचं अँटीफोम घातलं. डीपी खाली आला, सगळ्यांना हायसं वाटलं. चार दिवसांनी पुन्हा चढला, डोस वाढवला. दरम्यान कार्बनचा फिल्टर राखेने चोंदला म्हणून बायपास केला गेला, आणि तो बायपासच राहिला. अँटीफोम हा तापावरच्या गोळीसारखा आहे. देऊ नये असं नाही, पण देताना ताप कशाचा ते शोधायला हवं होतं. जानेवारीत गाळणकागदाची ती एक चाचणी केली असती तर राख तेव्हाच सापडली असती.

दुसरा निर्णय जास्त महागात पडला. वायू कमी सुटतो म्हणून रिबॉयलरच्या, म्हणजे स्ट्रिपरच्या तळाशी सोल्युशन तापवणाऱ्या यंत्राच्या, वाफेचा दाब ३ बारवरून ४.५ बारवर नेला. म्हणजे वाफेचं तापमान १४४ वरून १५५ अंशांवर. थर्मामीटर सोल्युशनचं सरासरी तापमान दाखवतो, तिथे फार फरक दिसत नाही. पण नळीच्या भिंतीला चिकटलेला पातळ थर त्या वाफेच्या जवळपास तापतो, आणि तिथे कार्बामेटपासूनच जड, न सुटणारे रेणू तयार होतात. एमईएला दीडशेच्या वरची वाफ लावू नये हे जुन्या ऑपरेटरांना ठाऊक असतं. मामांनी सांगितलंही होतं, पण रात्रपाळीत सांगितलं आणि दिवसपाळीने दाब वाढवला.

समोरचे पर्याय

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मालक, व्यवस्थापक, मामा, केमिस्ट आणि मी असे पाच जण बसलो.

पहिला पर्याय सगळं सोल्युशन काढून टाकून नवं भरण्याचा. सरळ वाटतो, पण पंचवीस हजार लिटर खराब अमाइन टाकायचं कुठे? सामायिक सांडपाणी केंद्र एवढा नायट्रोजन घेणार नाही. तो घातक कचरा, २०१६ च्या नियमांप्रमाणे अधिकृत केंद्रातच पाठवावा लागतो. आणि धूर तसाच राहिला तर नवं सोल्युशनही दिवाळीपर्यंत काळं होणार.

दुसरा, मालकांच्या मनातला: कॉस्टिक घालून जूनपर्यंत रेटायचं. यात तथ्य होतं. सोडियम त्या आम्लांना आपल्याकडे ओढून घेतं आणि अमाइन मोकळं होतं, दोन दिवसांत ताकद परत येते. पण आम्ल जात नाही, फक्त सोडियमच्या नावावर राहतं. क्षार वाढत जातात आणि गार जागी, विशेषतः कूलरमध्ये, बसतात. मी म्हणाले, थोडं घालू, सगळा भार त्याच्यावर नको.

तिसरा, दुसरं अमाइन वापरण्याचा. एमडीईए सोडवायला कमी उष्णता लागते, ते लवकर खराबही होत नाही. पण ते कार्बामेट करत नाही, पाण्याच्या मदतीने बायकार्बोनेटच्या वाटेने जातं, आणि वातावरणाच्या दाबाच्या, बारा टक्क्यांच्या धुरात ती वाट फार हळू आहे. पिपरझीनसारखा वेग देणारा घटक घालावा लागतो. खत कारखान्यांतल्या दाबाखालच्या वायूत हे मिश्रण छान चालतं; या मनोऱ्याच्या उंचीत बसलं नसतं. गरम पोटॅशियम कार्बोनेटचाही विषय निघाला. त्यालाही दाब लागतो, तो दहा मिनिटांत बाजूला पडला.

चौथा पर्याय मामांनी काढला. स्ट्रिपरच्या मागे एक छोटी आडवी टाकी होती, वरून इन्सुलेशन गळलेली, दोन्ही तोंडांना ब्लँक प्लेट मारलेली. “हे रिक्लेमर आहे. मी लागलो तेव्हा चालायचं. गॅसचा बॉयलर आला तेव्हा म्हणाले, आता गरज नाही.” मी त्या टाकीपुढे बराच वेळ उभी राहिले. फिरत्या सोल्युशनचा एक-दीड टक्का या टाकीत घ्यायचा, सोडा ॲश घालायचा आणि तापवायचा. पाणी आणि एमईए वाफ होऊन स्ट्रिपरमध्ये परत जातात. क्षार, राख, जड रेणू तळाला राहतात. एमईए साधारण १७० अंशांना उकळतं आणि पाण्याच्या वाफेबरोबर त्याहून खालीच निघून येतं, म्हणून साध्या दाबाला हे जमतं. एमडीईएसारख्या जड अमाइनला निर्वात लागतो. एमईए वाफ जास्त खातं, पण पुन्हा स्वच्छ होतं. जुन्या डिझाइनवाल्यांनी हा हिशेब केला होता.

काय केलं

शेवटी ठरलं ते असं: रिक्लेमर उघडायचं, आणि त्याच वेळी धूर सुधारायचा. एक करून दुसरं सोडलं असतं तर उपयोग नव्हता.

पहिल्याच दिवशी वाफ पुन्हा ३ बारवर आणली आणि उत्पादन १२ टनांवर. मालकांना हे सर्वांत जड गेलं. ठरलेला माल चुकू नये म्हणून त्यांनी एका डिस्टिलरीकडून आंबवणीतला द्रवरूप वायू विकत घेतला आणि गिऱ्हाइकांना तसं कळवून दिला. नफा गेला, गिऱ्हाइकं राहिली.

क्वेंचरचं पाणी आतापर्यंत तेच तेच फिरत होतं. त्यात कॉस्टिकचा डोस लावला, सतत थोडं पाणी बाहेर काढायला सुरुवात केली, वाटेत कार्ट्रिज फिल्टर बसवला. आम्लं आणि राख सोल्युशनपर्यंत पोहोचण्याआधी साध्या पाण्यात पकडणं कितीतरी स्वस्त. बॉयलरला बॅग फिल्टरची ऑर्डर दिली. तो यायला दोन महिने लागले. बॉयलरची हवा ट्यून करून ऑक्सिजन सहा टक्क्यांपर्यंत आणला. कार्बनचा फिल्टर नव्या भरणाने चालू केला, आणि त्याच्या आधी राखेसाठी बारीक गाळणी.

रिक्लेमर चालू व्हायला पाच दिवस गेले, कारण नळ्या तपासायच्या होत्या. पहिल्या बॅचचा तळ काढला तेव्हा डांबरासारखा लगदा निघाला. तो पिंपात भरून, नोंद करून अधिकृत जाळण केंद्राकडे पाठवला. बघता बघता सोल्युशन काळ्याचं तपकिरी झालं.

नवव्या दिवशी एक धक्का बसला, आणि तो माझ्या अंदाजाबाहेरचा होता. क्षार कमी होत होते, वाफही उतरत होती, तरी वायू धरण्याचं प्रमाण पुन्हा घसरलं. केमिस्टने स्वतःहून दोन ठिकाणचे नमुने घेतले: स्ट्रिपरच्या तळाचं लीन आणि ॲब्सॉर्बरला जाणारं लीन. तळाशी एमईएच्या मोलमागे ०.२० मोल वायू होता, ॲब्सॉर्बरच्या तोंडाशी ०.२८. वाटेत फक्त लीन-रिच एक्स्चेंजर, गरम लीनची उष्णता गार रिचला देणारा. रिच बाजूचा दाब जास्त, म्हणजे आतून नळी फुटली होती आणि रिच लीनमध्ये मिसळत होतं. गंज तिथे महिनोन्‌महिने काम करत होता आणि मी सोल्युशन सुधारण्याच्या नादात यंत्राच्या भिंतींची जाडी मोजून घेतली नव्हती. प्लांट दीड दिवस बंद करून गळक्या नळ्यांना प्लग मारले. त्या एका चाचणीचं श्रेय पूर्णपणे त्या मुलीचं आहे.

परिणाम

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात क्षार एकूण अमाइनच्या सात टक्क्यांवर आले. वाफ टनाला २.५ टन झाली. पूर्वीच्या २.३ वर ती गेली नाही, प्लग मारलेल्या एक्स्चेंजरमुळे जाणारही नव्हती. पिंपं आठवड्याला दीडवर आली. ॲसिटाल्डिहाइड मर्यादेत आलं, आणि टँकर परत पाठवणाऱ्या कंपनीने मेमध्ये तीन लागोपाठ नमुने तपासून माल पुन्हा सुरू केला. उत्पादन १८ टनांपर्यंत चढलं. उन्हाळ्याचे सहा आठवडे मात्र गेले ते गेलेच. पावसाळ्यात एक्स्चेंजर बदलला, या वेळी स्टेनलेस स्टीलचा. ब्रिकेटमधून वाचलेल्या पैशाचा मोठा हिस्सा त्यात गेला.

असं मोठ्यांच्याही बाबतीत घडलंय. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात बाउंडरी डॅम इथे ऑक्टोबर २०१४ मध्ये कोळशाच्या वीजकेंद्रावर वर्षाला दहा लाख टन क्षमतेचं अमाइन युनिट सुरू झालं, आणि पहिल्याच वर्षात राख आणि अमाइनचा बिघाड यांनी त्याला हैराण केलं. मी हे मालकांना मुद्दाम सांगितलं, कारण ते आपल्या माणसांना दोष देत होते. आमच्यापेक्षा शंभरपटीहून मोठ्या युनिटवरच्या तज्ज्ञांच्या फौजेलाही धुराने हाच त्रास दिला.

वेगळं काय करता आलं असतं

बॉयलर बदलण्याआधी महिनाभर धुराचा एक छोटा प्रवाह काचेच्या भांड्यातल्या सोल्युशनमधून सोडून पाहता आला असता. खर्च नगण्य. रंग आणि क्षार, दोन्हींनी वेळेआधी सांगितलं असतं. एवढी घाई नव्हती.

क्षारांची चाचणी महिन्यातून एकदा तरी हवी होती. रेझिन, बुरेट, कॉस्टिक, सगळं प्रयोगशाळेत होतं. वायूवर असताना गरज पडली नाही म्हणून सवय मोडली, जसं रिक्लेमरचं झालं. स्वच्छ इंधनाची वर्षं ही काही कायमची वर्षं नव्हती.

मी स्वतः पहिल्या आठवड्यात जाडी मोजायला हवी होती. सोल्युशनमधलं लोखंड मोजलं होतं, ते वाढलेलं होतं. ते लोखंड कुठून तरी आलं असणारच, हा प्रश्न मी पुढे ढकलला.

आणि शेऱ्याचा रकाना. त्याची व्यवस्था आता बदललीय: रात्रीचा प्रत्येक शेरा सकाळच्या बैठकीत वाचला जातो, त्यापुढे उत्तर आणि सही लागते. मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतील. प्रयोगशाळेच्या खिडकीत आता बाटल्यांची रांग आहे, दर पंधरवड्याची एक, तारीख चिकटवलेली, डावीकडून उजवीकडे. रंग डोळ्यांनी बघता येतो.

या दिवाळीत खरेदीने ब्रिकेटचा नवा, टनाला चारशे रुपयांनी स्वस्त पुरवठादार आणला. नमुना आधी प्रयोगशाळेत गेला. केमिस्टने राख पाण्यात खळबळून, गाळून, सिल्व्हर नायट्रेट टाकलं, आणि दोन नळ्या शेजारी लावून खरेदीच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. तो पुरवठादार घेतला नाही.